खरखरीसकट

१२ जानेवारी २०२५, रविवार. मुलुंड

नवी वही उघडली. जुनीत पाने शिल्लक आहेत, पण ती गेल्या मार्चपासून कोरी आहेत, आणि एवढ्या कोऱ्या पानांवरून उडी मारून पुढे लिहायला हात तयार होईना.

रेवती आली होती. हर्षद गेल्यापासून ती महिन्यातल्या एका रविवारी येते. जेवते, हिच्याबरोबर ओटा आवरते, जाते. सुनेशी बोलायचे सगळे विषय मुलाच्या मार्फतच येत होते, हे आता कळते. आज मात्र तिने विषय आणला.

हर्षदने शेवटच्या महिन्यात एक गाणे वाजवून ठेवले आहे. गाणे म्हणायचे, पण शब्द नाहीत, नुसती गिटार. मागचे ड्रम वगैरे त्याचा मित्र प्रीतम याने भरले. वर्ष होईल त्या दिवशी, दोन मार्चला, ते सर्वांना ऐकायला ठेवायचे असे प्रीतमने आणि रेवतीने ठरवले आहे. एक गोष्ट अडली आहे. हर्षदने गिटारची वायर थेट लॅपटॉपला जोडून वाजवले. मध्ये ॲम्प्लिफायर नाही. म्हणजे बोटे त्याची आहेत, पण आवाजाला अजून अंग नाही.

"प्रीतम म्हणतो दोन मार्ग आहेत," रेवती म्हणाली. "एक तर सॉफ्टवेअरमधला ॲम्प लावायचा. नाहीतर तोच कच्चा आवाज खऱ्या ॲम्पमधून सोडायचा आणि समोर माईक ठेवून परत रेकॉर्ड करायचा. तुम्ही बनवलेली ॲम्पची पेटी आहे ना, बाबा. तुम्हीच ठरवा."

"मी कशाला?"

"मला त्यातलं कळत नाही. आणि प्रीतमवर सोडलं तर तो तासाला मत बदलतो."

एकदा ठरले की ते कायमचे. हर्षदचे दुसरे गाणे येणार नाही. मी म्हटले, बघू. माझे उत्तर खरे तर तयारच होते. पेटी.

ती गेल्यावर हिने विचारले, "तुमका बरा वाटता ना?" मी म्हटले, हो. खरे म्हणजे बरे वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. वीज गेलेल्या घरात बटणे दाबावीत तसे आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. खालच्या मजल्यावरच्या विद्याधरने तरी तिळाच्या दोन वड्या कागदात आणून दिल्या. म्हणाला, "सण म्हणून नको घेऊस रे, कॅल्शियम म्हणून घे." विक्रोळीच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षे एकाच टेस्टिंग विभागात होतो. माझ्या पेटीचा पहिला शत्रू तोच. आवाज वाढला की खालून काठीने छताला तीन ठोके मारायचा.

पेटीवरची चादर काढली. आत जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि बारा इंची स्पीकर. खोका कुणीतरी टाकून दिलेल्या जुन्या रेडिओग्रामचा, अजून पॉलिशला चकाकी आहे. अठ्ठ्याण्णव साली हर्षदची दहावी झाली, त्या सुट्टीत बनवली. व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला, हर्षद वेढे मोजायला बसला होता. सातशेच्या पुढे तो चुकला. मला वाटते मीही चुकलो होतो, पण बोललो नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले असते.

१८ जानेवारी, शनिवार

प्रीतम गाडी घेऊन आला आणि मला मालाडला त्याच्या स्टुडिओत घेऊन गेला. एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, भिंतींना स्पंज. हा मुलगा मिसरूड फुटल्यापासून आमच्या घरी चहा पितो. आता चाळिशीचा आहे, कानात बाळी आहे, गुडघा दुखतो.

त्याने सॉफ्टवेअर दाखवले. पडद्यावर ॲम्प्लिफायरची चित्रे. साठेक असतील. चित्रातली बटणे माऊसने फिरतात. चित्रात दिवा लागतो, व्हॉल्व्ह तांबूस होतात. एकाच्या कोपऱ्यावर तर ओरखडासुद्धा काढला आहे. समोर माईकचेही चित्र, तो बोटभर डावीकडे सरकवला की आवाज खरोखर बारीक होतो. खऱ्या स्पीकरपुढेही तसेच होते.

"हा ओरखडा कशाला?" मी विचारले.

"फील येतो, काका."

"ओरखड्याचा आवाजात काय फरक?"

"काहीच नाही." तो हसला. मग म्हणाला, "हर्षद पण हेच विचारायचा."

प्रामाणिकपणे लिहितो. आवाज चांगला आहे. आमच्या विभागात टेबलावर आला असता तर मी शिक्का मारून पुढे पाठवला असता. दोष सापडत नाही हाच काय तो दोष, असे काहीतरी मी प्रीतमला म्हटले. ते वाक्य मला तिथे फार छान वाटले होते. आता लिहिताना पोकळ वाटते.

निघताना म्हटले, तो कच्चा आवाज ऐकव, काही न लावता. ऐकवला. कंगव्याचे दात नखाने छेडावेत तसा. कोरडा, बारका. मध्ये एकदा बोट तारेवरून घसरल्याची चर्र ऐकू येते.

"काका, ठीक आहात ना?"

मी म्हटले, लेव्हल जरा कमी आहे.

२२ जानेवारी, बुधवार

डोळे दोन महिने चुरचुरतात, म्हणून डॉक्टरकडे. म्हणाले, कोरडे पडलेत, या वयात पाणी सुटत नाही. थेंब दिले आहेत, दिवसातून चारदा. औषधवाला म्हणाला, कृत्रिम अश्रू आहेत, नुकसान काही नाही. हिने घड्याळाशेजारी बाटली ठेवली आहे. चार वेळा घालतो. गालावर ओघळतात, पुसतो.

२५ जानेवारी, शनिवार

आज काही घडले नाही, तरी लिहायला बसलो, कारण सकाळपासून माणिकबाई डोक्यात आहेत.

तिसरीत आम्हाला मराठीला माणिकबाई होत्या. म्युनिसिपालिटीची शाळा, गिरणीकामगारांची चाळीस पोरे. बाई कविता चालीवर शिकवायच्या. एक ओळ त्या म्हणणार, मागून आम्ही. नदीची एक कविता होती, तिच्या दुसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीनंतर बाईंना नेहमी खोकला यायचा. दोनदा, कोरडा. आम्ही कविता पाठ केली ती तशीच. तपासणीला साहेब आले, बाईंनी काठी हलवली, आम्ही सुरू केले आणि दुसऱ्या कडव्यात बरोबर त्या जागी चाळीस पोरे एकदम दोनदा खोकली. चेष्टा नव्हती. आम्हाला ती ओळच वाटत होती.

बाई पुढच्या वर्षी नव्हत्या. क्षय होता, असे खूप नंतर कळले. ती कविता मला अजून पाठ आहे. मनात म्हटली तरी त्या जागी थांबावे लागते.

हे आज का आठवावे, कुणास ठाऊक.

३० जानेवारी, गुरुवार

प्रीतमचा फोन. रविवारी घरी येतो म्हणाला, रेवतीही येणार. परीक्षा घ्यायची कल्पना त्याचीच. तेच चाळीस सेकंदांचे तुकडे, एक पेटीतून माईकने घेतलेला, बाकी सॉफ्टवेअरचे, कुठला कोणता हे मला न सांगता. "तुम्ही ओळखलंत तर पेटी. नाही ओळखलंत तर मग भांडू."

मी म्हटले, ओळखायचे काय त्यात. सत्तावीस वर्षे आहे ती घरात.

एक जुनी गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. २०१९ साली हर्षद लॅपटॉप घेऊन आला होता. म्हणाला, "बाबा, ऐका ना. यात साठ ॲम्प आहेत." मी म्हटले, "आणि एकही नाही." त्याने लॅपटॉप मिटला. ते वाक्य मी विद्याधरलाही ऐकवले होते, दोन-तीनदा. त्यानंतर हर्षदने या घरात पेटी वाजवली नाही. यायचा, जेवायचा, पावसापाण्याचे बोलायचा. भांडण झाले असे कुणी म्हणू शकत नाही. भांडण झालेच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रीतम माईक, स्टँड आणि दोन लहान स्पीकर घेऊन आला. रेवतीने हर्षदचा लॅपटॉप आणला. त्याचा पासवर्ड तिला गेल्या आठवड्यात सापडला; हिचे माहेरचे नाव आणि हिचे जन्मसाल. ही म्हणाली, "माजा साल तेका बरा ठावक. वाढदिवसाक फोन मातर दुसऱ्या दिवशी." आणि आत गेली.

माझे कान कोरे राहावेत म्हणून प्रीतमने मला बागेत पिटाळले. विद्याधरला बरोबर घेतले. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला तो बाकावर बसला आणि म्हणाला, "तू रडून घे ना रे एकदा. माझी वाट लागली होती आमची ही गेली तेव्हा, पण रडलो आणि मग भूक लागली."

मी म्हटले, मला भूक लागते.

"तेच तर," तो म्हणाला.

परत आलो तर सगळे तयार. मला भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवले, समोर कॅलेंडर. प्रीतमने अ, ब, क असे तीन तुकडे वाजवले. वाजवणे तेच, हर्षदचेच, तिन्ही वेळा तीच चर्र.

अ: स्वच्छ, भरदार. परका. म्हटले, हे सॉफ्टवेअर.

ब: गुळगुळीत, दाढी केल्यासारखा. हेही सॉफ्टवेअर.

क लागला आणि सगळ्यांत जाड तारेवर पहिलाच सूर आला, त्याच्या शेपटाला खरखर. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तशी. मी मागे न वळता म्हटले, "ही पेटी."

वळून पाहिले तर प्रीतम रेवतीकडे बघत होता.

"काका, क लॅपटॉप आहे. पेटी अ होती."

मी म्हटले, वायरी उलट्या लागल्या असतील. त्याने पुन्हा वाजवले. तेच.

मग उलगडा झाला. हर्षदच्या लॅपटॉपमध्ये प्रीतमला सकाळीच एक फाइल सापडली होती. नाव 'घरची पेटी'; क त्याने तिच्यातूनच वाजवला होता. हल्ली म्हणे खऱ्या ॲम्प्लिफायरची नक्कल उतरवून घेता येते. पेटीत ठरावीक आवाज सोडायचे, माईकने परत घ्यायचे, काय आत गेले आणि काय बाहेर आले ते ताडून सॉफ्टवेअर पेटीचा स्वभाव शिकते. फाइलवर तारीख होती, सात ऑक्टोबर २०२१. तेव्हा आम्ही दोघे पंधरा दिवस गावी होतो. हर्षदकडे किल्ली होती.

"म्हणजे तो त्या साठांतला एकही वापरत नव्हता?" मी विचारले.

"मला वाटायचं वापरतो," प्रीतम म्हणाला. "कुठला ॲम्प आहे विचारलं की म्हणायचा, घरचा. मला वाटलं जोक करतोय."

दाराशी उभी असलेली ही म्हणाली, "सकाळी वाजवलात तेवाच माका कळला, ही आपली नाय. मग आपली पेटी खंय गेली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होते. मी सांगितले नाही. चहा झाला, ती दोघे गेली.

इथे लिहितो. पेटी मी बदलली.

नव्व्याण्णव सालच्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला पेटी खाली नेताना जिन्याचा खिळा स्पीकरच्या कागदात घुसला आणि कागद फाटला. नवा स्पीकर परवडत नव्हता. हिने मलमलीचा तुकडा भाताच्या खळीने चिकटवला, पतंगाला लावतात तसा. तेव्हापासून जाड तारेवर खरखर. हर्षद म्हणायचा राहू दे, मी म्हणायचो एक दिवस काढतो. हर्षद गेल्यावर सुतकात नववा दिवस होता. माणसे येत होती, बसत होती, काय बोलायचे ते बोलून जात होती. मी आतल्या खोलीत गेलो आणि पेटी उघडली. नवा स्पीकर चार वर्षे माळ्यावर पडून होता. तो बसवला. व्हॉल्व्ह बदलले, सगळ्या सांध्यांना पुन्हा डाग दिले. चार तास लागले. हात अजिबात थरथरले नाहीत, याचे मला बरे वाटल्याचे आठवते. बिघाड दिसला की तो काढायचा, तीस वर्षे हेच केले. दुसरे काय येते मला? जुना स्पीकर भंगारासाठी दाराबाहेर ठेवला.

३ फेब्रुवारी, सोमवार

पेटीची मागची फळी काढली. आत डाव्या बाजूला पुठ्ठ्याचे कार्ड चिकटवले आहे. कारखान्याची सवय. प्रत्येक यंत्राला कार्ड, प्रत्येक दुरुस्तीची ओळ. कार्डावर असे आहे:

११-६-९८. तयार. चाचणी ठीक.
सप्टें. ९९. कागद फाटला. ठिगळ, रत्नप्रभा. खरखर आहे.
फेब्रु. ०८. व्हॉल्व्ह दोन्ही बदलले. खरखर आहे.
७-१०-२१. आवाज उतरवून घेतला, खरखरीसकट. बाबांना सांगणे बाकी. ह.
१०-३-२४. स्पीकर नवा. खरखर बंद.

चौथी ओळ हर्षदच्या अक्षरात. पाचवी माझी. तिच्या बरोबर खाली, एका बोटाचेही अंतर नाही. तारीख तिच्या तारखेखाली नीट ओळीत आली आहे.

म्हणजे लिहिताना ती मला दिसली असणार. पट्टी धरल्याशिवाय तारखा अशा ओळीत येत नाहीत.

आठवत नाही. खूप प्रयत्न केला. थेंब घातले. फळी लावून टाकली.

५ फेब्रुवारी, बुधवार

हिला कार्ड दाखवले. चष्मा लावून तिने पाचही ओळी वाचल्या आणि चौथीवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "सांगूक काय झाला होता तेका? समोर बसान जेवायचो."

मी म्हटले, मी ऐकले नसते.

"ऐकलास नसता," ती म्हणाली. तिला खोटे बोलता येत नाही.

मी म्हटले, स्पीकर मी भंगारात दिला, त्यामुळे आता इलाज नाही. ती उठली, आमच्या पलंगाखाली वाकली आणि हर्षदच्या शाळेच्या वह्यांची ट्रंक ओढली. तिच्यामागे, माझ्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला, स्पीकर.

"तुमी भायर ठेवलास. मी आत आणलंय."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलास खंय? माजो तुकडो आसा तेका."

या घरात सांगणे बाकी असलेल्या गोष्टींची एक यादी करायला हवी.

९ फेब्रुवारी, रविवार

जुना स्पीकर बसवला. ठिगळ सुकून एका कडेने उचलले होते. हिने दुपारचा भात थोडा मऊ राखून घोटला, कापडातून गाळला आणि करंगळीने कडेला लावला. मी टॉर्च धरला. पूर्वीही असेच झाले होते, फक्त टॉर्च हर्षदच्या हातात होता आणि तो सारखा हलवत होता. "स्थिर धर रे," असे ही आज मला म्हणाली. "रे" म्हणाली.

वाळायला दोन दिवस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रीतमला फोन करून सांगितले, रविवारी माईक घेऊन ये, पेटी आता पेटीसारखी आहे. तो म्हणाला, "म्हणजे काका, फायनल पेटीच?" मी म्हटले, ऐकू, मग सांगतो.

संध्याकाळी आमच्या जुन्या टेलिफोनमधला लहान ट्रान्सफॉर्मर काढून एक डबी तयार केली. कॉम्प्युटरचा आवाज पेटीत थेट सोडला तर फार जोराचा पडतो, गिटारच्या वायरीइतका दुबळा करून सोडावा लागतो; मागच्या वेळी प्रीतमने कसेबसे भागवले होते. तीन सांधे फक्त. पण दुसऱ्या सांध्याला हात थरथरला.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

अकरा वाजता प्रीतम आणि रेवती आली. माईक पेटीसमोर लावला, ठिगळापासून चार बोटांवर. पेटी दहा मिनिटे तापू दिली. हर्षद ज्या स्टुलावर बसायचा ते रेवतीला बसायला दिले, ती नको म्हणाली आणि खाली बसली. स्टूल रिकामे राहिले, कुणी उचलून ठेवले नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. माझी जागा तीच.

प्रीतमने कच्चा आवाज डबीतून सोडला.

वाजवायच्या आधी हर्षद जाड तार दोनदा छेडून बघायचा, तेही त्यात आहे. गाळलेले नाही. पहिल्या सुराला ठिगळ थरथरले, मला दारातून दिसले. खरखर आली. मग तो वाजवायला लागला. मालाडला ते फक्त कानावर पडले होते. इथे कपाटाची काच वाजायला लागली, ताटाळ्यातली ताटे वाजायला लागली, पायाखालची फरशी कळायला लागली. खोलीत कुणीच वाजवत नव्हते आणि खोली भरली होती.

मिनिटभर झाले असेल. खालून तीन ठोके आले. विद्याधरची काठी, छताला.

आणि मी ओरडलो, "हर्षद, कमी कर रे! खालून ठोकतायत!"

आवाज चांगला मोठा होता. तारसप्तकात, पूर्वी जायचा तसा.

हर्षद वाजवतच राहिला. त्याने कमी केले नाही. पूर्वीही पहिल्या हाकेला करत नसे. प्रीतमचा हात बटणाकडे गेला, रेवतीने तो धरला. शेवटपर्यंत वाजू दिले.

थांबल्यावर दारात विद्याधर, अनवाणी, हातात काठी तशीच. "सॉरी रे," तो म्हणाला. "सवयीनं झालं. ऐकलं आणि हात वर गेला." मग त्याला काठी कुठे ठेवावी कळेना. हिने ती त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "बसा. जेवूनच जावा."

प्रीतमने हळूच सांगितले, "काका, माईक चालू होता. तुमचा आवाज आलाय मध्ये. पुसतो आणि परत घेतो. हर्षद काय, तो तसंच वाजवेल."

मी म्हटले, पूस.

ही म्हणाली, "पुसू नको."

पुसले नाही. परतही घेतले नाही.

जेवताना रेवतीने विचारले, "मग बाबा, गाण्यात कुठला?" मी म्हटले, त्याने उतरवून घेतलेला. लॅपटॉपमधला. प्रीतमचा घास थांबला. "काका, आत्ता जे ऐकलं ते सोडून?" मी म्हटले, ठिगळाची खळ आजची आहे. ती खरखर आता आमची, दोघांची. त्याची त्याने २१ साली नेली आहे, ती त्याने निवडली आहे. गाणे त्याचे आहे.

एवढे लांब मी वर्षभरात बोललो नव्हतो. रेवतीने मान हलवली आणि माझ्या पानात भात वाढला. मी नको म्हटले नाही.

आज थेंब घालायचे चारही वेळा राहिले. ही विचारत होती, बाटली तशीच कशी? म्हटले, गरज पडली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तिथीने वर्षश्राद्ध. रस्त्यावर शिवजयंतीची मिरवणूक, काचा हलत होत्या. गुरुजी मंत्र सांगत होते ते ऐकू येत नव्हते, ओठ बघून म्हटले. विद्याधर म्हणाला, "यांना ठोकायला काठी पुरणार नाही." ही हसली. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

२ मार्च, रविवार

तारखेने वर्ष.

सकाळी दहाला रेवतीने गाणे पाठवले. फोनवर ऐकले, दोघांनी एकेक कान लावून. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनसुद्धा जाड तारेची खरखर कळते. विद्याधरने तीन अंगठे पाठवले. प्रीतमने लिहिले आहे की ऐकणाऱ्या कुणीतरी विचारले, आवाजात तो बिघाड आहे का. त्याने उत्तर दिले, नाही, घरचा आहे.

काही वाटले का? वाटले असावे. अजून नीट सांगता येत नाही. नदीची कविता मनात म्हटली, दुसऱ्या कडव्यात थांबलो, मग पुढे गेलो.

जेवण झाल्यावर पेटीची मागची फळी काढली. पंधरा दिवस कार्डावर काय लिहावे ते सुचत नव्हते. आज पट्टी घेऊन बसलो. ही टॉर्च धरून उभी राहिली. तारखेखाली तारीख नीट ओळीत घेतली आणि लिहिले:

२-३-२५. जुना स्पीकर परत बसवला. खरखर आहे. हर्षदला सांगणे बाकी.